आधीच फेडलेला नवस

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा मला कधीच धड आवडला नाही. सकाळी शाल हवी असते, दुपारी पंखा, आणि घरात कोणी ना कोणी शिंकत असतं. शेताशेतांतून पऱ्हाट्या उपटून बांधावर ढीग लावलेले असतात. कापूस देऊन मोकळी झालेली ती वाळकी झाडं आता चुलीत जायची. नागपूर रस्त्याला पळस फुललेला असतो. लोक गाडी थांबवून त्याचं कौतुक करतात. मला मात्र त्याच्याकडे बघवत नाही, कारण पळस फुलला म्हणजे परीक्षा आली, हे गणित दहावीत डोक्यात बसलं ते अजून उठलेलं नाही. बाकी कुठलंच गणित माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं नाही.

यंदाही तो फुललाय, आणि यंदा माझ्या मुलाची तिसरीची वार्षिक परीक्षा आहे. नेमकं आत्ताच, डबा खाताना, माझ्यासोबत नोकरीला असलेल्या दोघी मैत्रिणींनी चिखलदऱ्याला जायचं काढलं. दोन दिवस. नवरे नाहीत, मुलं नाहीत, कोणाचा डबा नाही. "तू येतेस ना?" मी हो म्हटलं, आणि तो घास गिळायच्या आत विचार सुरू झाला की घरी काय सांगायचं. 'नागपूरला ट्रेनिंग आहे' हे वाक्य माझ्या तोंडात आयतं तयार झालं. मी कमावती बाई, पर्समध्ये मोबाइल बाळगणारी, चारचौघांत तावातावानं बोलणारी. आणि दोन दिवस फिरायला जायचं तर मला ट्रेनिंगच्या आड लपावंसं वाटलं. स्वतःचाच राग आला. मग आई आठवली आणि राग थोडा निवला.

माझं माहेरचं घर सिंदी रेल्वे नावाच्या गावात. पुढे किराणा दुकान, मागे घर, घरामागे मोकळी जागा आणि त्यापलीकडे रूळ. दिवाळीपासून होळीपर्यंत गाव कापसाचं असे. कापसानं भरलेल्या बैलबंड्या आणि ट्रक जिनिंगच्या गिरणीकडे जात आणि रस्ताभर पांढरं उडवत. ते दारात येई, वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटे, चहाच्या कपात तरंगे. कापूस विकून झालेली माणसं बाजार करायला आमच्या दुकानात बसत, आणि दुकानातून आत हाक येई, "चार कप." थोड्या वेळानं, "अजून तीन." बाबांची ही हाक दिवसभर चाले आणि आई दिवसभर गॅसपाशी उभी असे. घरात बाबा, त्यांचे थोरले भाऊ, दुकानातली दोन माणसं, आम्ही भावंडं आणि मोठ्याई. मोठ्याई म्हणजे थोरल्या भावाची बायको, आईची जाऊ. घराची सूत्रं तिच्या हातात होती, आणि घरातली कामं आईच्या.

माझ्या दहावीच्या वर्षी, संक्रांत होऊन गेल्यावरची एक दुपार. जळका वास आला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. चहाचं पातेलं कोरडं होऊन काळं पडलं होतं आणि आई मागच्या दारात उभी होती. समोरून पॅसेंजर गेली होती. रूळ रिकामे होते, तरी ती तिकडेच बघत होती. मी गॅस बंद केला. "आई, काय झालं?" ती म्हणाली, "काई नाई." मग पातेलं घासायला घेतलं आणि घासता घासता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती रडत होती असं म्हणता येणार नाही. चेहरा तसाच होता, हात तसेच चालले होते, फक्त पाणी येत होतं. मला त्या पाण्याची फार भीती वाटली. आठवड्याभरात आणखी एक पातेलं जळलं. वरणात दोनदा मीठ पडलं. मोठ्याई म्हणाली, "ध्यान कुठी हाय तुयं?" आई म्हणाली, "काई नाई."

आईच्या दोनच मैत्रिणी होत्या, शिवणाच्या क्लासात झालेल्या. लतामावशी रेल्वे क्वार्टरातली, बोलायला लागली की मालगाडीसारखी, संपता संपत नसे. कुंदामावशी मूळची आंजीची. तिथं तिच्या भावाची शेती, विहीर, आंब्याची दोन झाडं. बेत तिचाच. दोन दिवस आंजीला जायचं, रात्री भावाच्या घरी झोपायचं, दिवसभर शेतात राहायचं आणि तिघींनी मिळून रोडगे करायचे.

आमच्याकडे रोडगे म्हणजे पुरुषांचा कारभार. जाड्या कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, फोडून तूप सोडायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. घरात तिन्ही त्रिकाळ पोळ्या लाटणाऱ्या बाईला त्या आगीजवळ कोणी जाऊ देत नाही. तिनं कणीक तिंबून द्यायची आणि बाजूला बसायचं. पुरुष काठीनं गोवऱ्या उलथतात, धुरात डोळे पुसतात आणि वर्षातून एकदा केलेल्या स्वयंपाकाचं वर्षभर सांगतात. कुंदामावशीला एकदा ती काठी आपल्या हातात घेऊन पाहायची होती.

सगळं ठरलं, फक्त घरी सांगायचं राहिलं. मोठ्याई अंगणात तुरीची दाळ पाखडत होती. मी भिंतीला टेकून भूमितीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. आई म्हणाली, "ताई, मी दोन दिवस आंजीले जाऊन येतो म्हनतो. लता, कुंदासंगं."

"आंजीले? काऊन?"

एवढंच विचारलं होतं. पण आंजीला माहेर नाही, लग्न नाही, मयत नाही. बाईनं घरातून निघायला जी कारणं असतात त्यांतलं एकही नाही. मला आठवतं, तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. "रोडगे कराचे हायेत."

"कायचे रोडगे?"

"नवसाचे."

"कायचा नवस?"

आईची नजर अंगणभर फिरली आणि माझ्या मांडीवरच्या पुस्तकावर येऊन थांबली. "मनूच्या दहावीचा," ती म्हणाली.

सुपाचा आवाज थांबला. आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं: मारोतीला रोडगे कबूल करतात ते काम झाल्यावर द्यायचे असतात. पोरगी पास झाली की रोडगे. लग्न जमलं की रोडगे. देवाशी असलेला हा सरळ व्यवहार आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. आईलाही कळत होता. पण देवाखेरीज घराबाहेर काढणारं दुसरं कोणी तिला त्या घटकेला सुचलं नाही, आणि घाईत तिनं देवालाच उलटं उभं केलं.

"परीक्षा व्हाचीच हाय अजून," मोठ्याई म्हणाली. "अन् नवस आताच फेडून राह्यली? असं तं म्या ऐकलं नाई बाप्पा."

"मी असाच बोलली होती. आधीच फेडीन म्हून."

"मंग पोट्टी नापास झाली तं?"

बाजारात तुरी म्हणतात तसं ते भांडण व्हायला हवं होतं, हसण्यावारी जायला हवं होतं. पण कोणी हसलं नाही. मोठ्याईनं हे मनापासून विचारलं होतं, आणि प्रश्न ऐकून आईचा चेहरा उतरला. संध्याकाळी बाबांच्या कानावर गोष्ट गेली. देवाचं नाव निघाल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "दोन दिवसांत येजो. दुकानात गर्दी हाय."

आई गेली ते दोन दिवस घर नुसतं ताणलेलं होतं. हाक यायची, "चार कप," आणि मोठ्याई उठायची, गुडघ्यावर हात ठेवून. तिच्या वतीनं भांडी बोलत होती. मी प्रमेयं पाठ करत होते आणि डोक्यात एकच घोळत होतं: आता मी नापास झाले, तर तो आईचा गुन्हा होईल. घरात कोणाचं काही बिघडलं, की तिच्या या दोन दिवसांकडे बोट दाखवलं जाईल. आणि मग ती पुन्हा कधी त्या दारातून बाहेर पडणार नाही, रिकाम्या रुळांकडे पाहत पातेली जाळत राहील. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीनं एवढं वाहायला नको. पण वाहिलं खरं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचं ठरलं होतं. गाडी आली. गाडी गेली. आई आली नाही. मोठ्याई पुढच्या दारात, मी मागच्या दारात, बाबा दुकानात बसून रस्त्याकडे बघतायत आणि बघत नाही असं दाखवतायत. दिवे लागले. पुढची गाडी आली तेव्हा मला रुळांपलीकडून आधी लतामावशीचा आवाज ऐकू आला आणि मग दुसऱ्या कोणाचं तरी हसणं. मोठ्यानं, तोंड उघडून हसणं. ते आईचं आहे हे कळायला मला वेळ लागला, कारण मी ते कधी ऐकलं नव्हतं. क्वार्टरांच्या कोपऱ्यावर लतामावशी वळली. तिथं आई क्षणभर थांबली. तिनं हसू आवरलं, पदर नीट केला, चेहरा घरचा केला, आणि मग घरात आली. तिनं हसू काढून ठेवलेलं मी पाहिलं. त्यानंतर आयुष्यात मी बरीच दुःखं पाहिली, पण त्या कोपऱ्याइतकं मला काही लागलं नाही.

नखांत काजळी, साडीला धुराचा वास, उजव्या हाताच्या बोटावर फोड. "प्रसाद?" मोठ्याईनं हात पुढे केला. आईनं फडक्यातून एक रोडगा काढून दिला. वरून कोळसा. मोठ्याईनं फोडला, आत पांढरी कच्ची कणीक, बोटाला चिकटणारी. "कच्चा चढवला देवाले," ती म्हणाली, आणि तिनं तो देवाजवळ ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. त्यामुळे ते जास्त वाईट झालं.

आंजीत काय झालं ते आईनं मला तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, कधी वेणी घालताना, कधी गवारीच्या शेंगा मोडताना. तिघींना आग काही जमली नव्हती. गोवऱ्या एकतर भडकायच्या नाहीतर विझायच्या. आर होईपर्यंत थांबायचं असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जन्मभर चूल सांभाळलेल्या तिघी बाया, आणि रोडगे जाळून बसल्या. मग वांग्याच्या भाजीत ते जळके तुकडे बुडवून खाल्ले आणि हसून हसून कुंदामावशीला ठसका लागला. आणि मग, आई हे हळूच सांगायची, ती दुपारी आंब्याखाली झोपली. "किती वेळ?" "उन्हं कलेपर्यंत. कोनी उठोलं नाई मले." एवढंच. तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं स्थळ म्हणजे ती झोप होती. ज्या गाडीनं यायचं होतं, ती त्या झोपेत गेली.

त्यानंतर पातेलं जळलं नाही. ती कामं करता करता गुणगुणायची आणि मोठ्याई आली की गप्प व्हायची. पण जशी परीक्षा जवळ आली तसं दुसरंच काही सुरू झालं. आपणच सांगितलेल्या खोट्याला आई भ्यायला लागली. शनिवारचे उपास धरले. मारोतीला तेल घालायला गेली की उगाच उशिरा परतायची. एकदा माझ्या वहीवर डोकं टेकवून म्हणाली, "मनू, मी देवाले खोटं बोलली का वं?"

"देवाले नाई," मी म्हटलं. "मोठ्याईले."

"तेच तं."

पेपर सुरू झाले. शाळेबाहेरचा पळस ऐन भरात होता आणि मी त्याच्याकडे पाहायचं टाळत होते. रोज परत आले की ओट्यावर मोठ्याई. "कसा गेला?" मी म्हणायचे, बरा. आई काही विचारायची नाही. तिनं फक्त माझा चेहरा वाचायचा, आणि मी तो वाचता येऊ नये म्हणून आधी तोंड धुवायला जायचे. बीजगणिताच्या दिवशी पेपर हातात आला आणि अक्षरं सरकायला लागली. जे येत होतं तेही येईना. मी समीकरण मांडायचे आणि मला तो कच्चा रोडगा दिसायचा. घंटा झाली तेव्हा अर्ध्याहून जास्त कोरं होतं. मी घरी येऊन सांगितलं, "बरा गेला."

मग उन्हाळा. कुरड्या, पापड, सरगुंडे, गच्चीवर वाळवणं, कूलरमधलं पाणी. सगळं दरवर्षीसारखं, आणि त्यावर निकाल, वाळवणाच्या कापडावर ठेवलेल्या विटेसारखा. बीजगणिताचा पेपर कसा गेला ते मी एकटीच जाणून होते, आणि मला वाटत होतं आईही जाणून आहे.

जूनच्या उकाड्यात निकाल लागला. गणितात नापास. बाकी सगळ्यांत बरे गुण, आणि एका विषयात लाल रेघ. बाबा दुकानात जाऊन बसले. मी माजघरात उभी होते. मोठ्याई भिंतीला टेकून बसली. ती मला रागावली नाही. "लेकराची काई चूक नाई," ती म्हणाली. "म्या तवाच म्हनलं होतं. नवस उलटा फिरला."

आई पोळ्या करत होती. तिनं लाटणं ठेवलं. आता ती काय म्हणेल हे मी मनात ठरवलं होतं: रडेल, कान धरेल, मारोतीला पुन्हा रोडगे कबूल करेल. तसं केलं असतं तर घर शांत झालं असतं. गुन्हा कबूल, शिक्षा ठरलेली, दार बंद.

"नवस नव्हताच," आई म्हणाली.

मोठ्याईनं मान वर केली.

"कोनताच नवस नव्हता, ताई. आमी फिराले गेलतो. मी थकली होती. मले दोन दिवस कोनासाठी चहा ठेवाचा नव्हता, म्हून गेलतो. देवाचा काई संबंध नाई, अन् मनूचा तं नाईच नाई. तिले गनित आलं नाई, आक्टोबरमंदी येईन." मग तिनं हाताला लागलेली कणीक झटकली. "खोटं बोलली तेवढं माह्यं चुकलं. गेली ते नाई चुकलं. पुढच्या साली मी अजून जाईन."

तिनं लाटणं उचललं आणि पुढची पोळी लाटायला घेतली. माझ्या पाठीवरून काहीतरी उतरलं, आणि नापास झालेली मी, त्या दिवशी सगळ्यांत हलकी होते. आईनं मला त्या खोट्यातून मोकळं केलं, आणि त्याची किंमत म्हणून स्वतः उघडी पडली. आजही मला तिचा अभिमान वाटतो तो याच दुपारचा.

ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत मी पास झाले, बेताच्याच गुणांनी. मोठ्याई आईशी कामापुरतं बोलत राहिली.

परवा मी घरी सांगितलं. ट्रेनिंग नाही. "मी मैत्रिणींसोबत चिखलदऱ्याला चाललेय, दोन दिवस." नवरा म्हणाला, "आणि याची परीक्षा?" मी म्हटलं, "तिसरीची आहे. तू आहेस ना घरी." तो म्हणाला, "बरं." सासूबाई पेपरातलं कोडं सोडवत होत्या. त्यांची पेन्सिल थांबली होती, आणि त्या थांबलेल्या पेन्सिलीकडे पाहताना मला सिंदीचा, दहावीच्या पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी आठवला.

तेव्हाही पऱ्हाट्यांचे ढीग लागले होते. अंगणात नवा गहू आला होता आणि आई, मोठ्याई समोरासमोर बसून तो निवडत होत्या. मीही एक ताट घेऊन बसले होते. मग मोठ्याई मान वर न करता म्हणाली,

"औंदा केव्हा जाता?"

"कुठी?"

"रोडगे जाळाले."

आई हसली नाही. तिला अजून अंदाज येत नव्हता. "पुढच्या हप्त्यात म्हनून राह्यली कुंदा."

मोठ्याईनं एक खडा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा. पंधराव्या वर्षी या घरात आलेली बाई. माहेर आष्टीचं, भाऊ गेल्यावर तिकडचं कोणी बोलावणारं राहिलं नव्हतं. तिला कोणी मैत्रीण असल्याचं मी कधी ऐकलं नाही.

"मांगच्या साली मले काऊन नाई विचारलं?"

आईचा हात ताटातच थांबला. "तुमी नाई म्हनल्या असत्या, ताई."

"नाईच म्हनली असती," मोठ्याई म्हणाली. "पन विचाराचं तं होतं."

आई तिच्याकडे पाहत राहिली, आणि पाहता पाहता तिचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. "मंग आता विचारतो," ती म्हणाली. "येता?"

"मी आली तं घरचं कोन पाहीन?"

मग दोघींनी एकदमच मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"जा तुमी," मी म्हटलं.

बाबा तिथंच ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांच्याकडे कोणीच पाहिलं नाही.